कान सुटले म्हणालो, ते खोटं होतं

कुडाळच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "दोन दुखणी आहेत. एक नाकाचं, एक भीतीचं. दोन्ही बरी होतात."

मी मान हलवली. आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. फिल्मवर माझीच कवटी होती आणि ती दुसऱ्या कुणाची असावी तशी मी बघत बसलो.

नाक चोंदलं की ज्यांच्या छातीत धडधडतं, आता आपण मरतो असं वाटतं, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी शाळा आठवीतच सुटली. चुकलंमाकलं समजून घ्या.

मी भंडारा जिल्ह्यातला, ढिवराचा, म्हणजे मासेमाराचा मुलगा. गावच्या तलावात पोहायला शिकलो. पाच वर्षं झाली, तारकर्लीला स्कूबाच्या होडीवर गाईड आहे. पर्यटकाचा हात धरून खाली न्यायचं, मासे दाखवायचे, तो घाबरला तर त्याच्या डोळ्यांत बघून त्याला शांत करायचं, हे माझं काम.

आमच्या होडीवर एक रीत आहे. सकाळी नांगर टाकला की मालक बाबलकाका एकेकाला नाक दाबून हवा मारायला लावतात. दोन्ही कानांत टक्क झालं की म्हणायचं, "सुटले." ज्याचे सुटत नाहीत त्याने पाण्यात जायचं नाही, वर बसून दोरी धरायची. मग बाकीचे दिवसभर त्याला चिडवतात, "व्हकल बसली रे!" व्हकल म्हणजे नवरी.

दिवाळीनंतर मला सर्दी झाली ती गेलीच नाही. गालाचं हाड ठणकायचं. वाकलं की कपाळ जड व्हायचं. मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि नाक मोकळं करायचे थेंब आणले. होडी सुटायच्या आधी थेंब टाकायचे, दोन मिनिटांत नाक उघडं. आधी फक्त सकाळी, मग दुपारीही, मग दर दोन-तीन तासांनी. कान सुटोत न सुटोत, मी "सुटले" म्हणायचो. परक्या मुलखात माझी ओळख एवढीच होती, की हा कधी वर बसत नाही.

जानेवारीत सांगलीच्या एक शिक्षिका आल्या. पहिल्यांदाच पाण्यात, पण अगदी निवांत. तळाचे दगड दिसायला लागले आणि माझ्या कपाळात सुई घुसावी तशी कळ आली. मग वाटलं, नळीतून हवाच येत नाही. मीटरवर हवा भरपूर दिसत होती. ती दिसत असूनही पटेना. बोटांना मुंग्या आल्या, छाती धडधडायला लागली. मी त्यांचा हात सोडला आणि वर पळालो. असं घाईने वर येणं धोक्याचं असतं, हे मीच लोकांना शिकवतो.

दुसरा गाईड नंदू जवळच होता, त्याने त्यांना धरलं. मी वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. थोड्या वेळाने शिक्षिका होडीत चढल्या आणि मलाच विचारलं, "दादा, तुम्ही बरे आहात ना?"

मालवणच्या दवाखान्यात ईसीजी काढला. छातीला वायरी चिकटवून हृदयाची चाल कागदावर उतरवतात, तो. छातीचा एक्स-रेही काढला. डॉक्टर म्हणाले, "हृदय, फुप्फुसं उत्तम. हा पॅनिक अटॅक वाटतो, म्हणजे खरा धोका नसताना शरीर जीव वाचवायला धावतं. नाक मात्र दाखवून घ्या." नाकाचं काय एवढं, म्हणून मी गेलो नाही.

आठवड्याने बाजारात भाजी घेताना तेच झालं. पाण्याखाली नव्हतो, कोरड्या जमिनीवर उभा होतो. हातातली पिशवी तिथेच सोडून खाली बसलो. तेव्हा बाबलकाका मला गाडीत घालून कुडाळला घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी समजावलं. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. माझ्या पोकळ्या पू आणि सूज यांनी भरल्या होत्या. "नाक बंद, म्हणून तोंडाने भराभर श्वास. त्यात सर्दीच्या काही गोळ्यांनी धडधड वाढते. शरीराला वाटतं हवा संपली. सायनसच्या प्रत्येक पेशंटला असं होत नाही, पण होऊ शकतं. थेंब कधीपासून टाकताय?"

"दिवाळीपासून."

"ते तीन-चार दिवसांच्या वर टाकत नाहीत. त्यांनीच नाक आतून आणखी सुजतं."

शेजारी बसलेल्या बाबलकाकांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. "सुटले" म्हणायचो, ते कित्येक दिवस खोटं होतं. काम गेलं असंच धरून चाललो होतो.

"व्हकल म्हटला म्हणान मरतलो होतस?" ते म्हणाले. "आणि त्या बाईचो हात सुटलो, तेचा काय?"

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "दर्यो खंय पळान जाता? आधी नाक बरा कर."

थेंब बंद केले. पहिले काही दिवस फार वाईट गेले, नाक पूर्ण बंद. अँटिबायोटिक, नाकाचा स्प्रे, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात पुडीतलं मीठ घालून नाक धुणं. नंदू म्हणाला, "दर्यार ऱ्हवान खारा पाणी इकत घेतस?" सगळे हसले. मला हसू यावं असं वाटलं, पण आलं नाही. समुपदेशक ताईंकडेही गेलो, त्यांनी हळू श्वास सोडायला शिकवलं. घरी आईला फोनवर सर्दी आहे एवढंच सांगितलं. सगळं करत होतो, पण मनात काही हलत नव्हतं. असं तुम्हालाही झालं तर घाबरू नका. मलाही डॉक्टरबाईंनी हेच सांगितलं होतं.

मार्चच्या शेवटी त्यांनी पाण्यात जायची परवानगी दिली. पण अट तीच, कान सुटले तरच.

काल सकाळी नांगर पडला. बाबलकाका माझ्यासमोर आले. मी नाक दाबलं, हवा मारली.

"उजवो सुटलो," मी म्हटलं. "डावो नाय."

"व्हकल बसली रे!" नंदू ओरडला आणि पाण्यात उतरला.

मी दोरी हातात घेतली. ऊन कडक होतं. नाकाने श्वास येत होता, जात होता. थोड्या वेळाने खालून दोरीला दोन हिसके आले, म्हणजे सगळं ठीक. मीही वरून दोन हिसके दिले.