ढग हाकलणारं यंत्र

जर्मनीत रडारचं शिकत होते तेव्हा डोळ्यांसमोर एक चित्र होतं: काचेची कंट्रोल रूम, भिंतभर स्क्रीन, कुजबुजत बोलणारी माणसं. दुसरबीडला मिळालं ते असं: गावातल्या नामदेवकाकांच्या माळावर एक ट्रेलर, त्यावर पांढरा घुमट, शेजारी पत्र्याची खोली. आणि कुजबुजत तर इथं कुणीच बोलत नाही! पंख्यावर धूळ साठावी तसे इथले किस्से साठत जातात. मैत्रिणी आता फोनवर 'कशी आहेस?' विचारत नाहीत, थेट 'आज काय झालं?' म्हणतात.

काम थोडक्यात सांगते. लांबच्या मोठ्या रडारला आमच्याकडचे खालचे ढग आणि खालून उडणारी विमानं नीट दिसत नाहीत. म्हणून खामगाव, लोणार आणि दुसरबीड अशी तीन छोटी रडारं जोडायची. एकच यंत्र ढगही बघणार, विमानंही! पहिल्या दोन जागा पक्क्या झाल्या. तिसरी अजून चाचणीपुरतीच. नामदेवकाकांनी माळासाठी कायमची संमती दिली नाही, तर जाळ्याला भोक पडणार ते इथंच. आणि मी परत आले ती हे जाळं पुरं करायलाच.

*

पहिल्याच आठवड्यात दोन बाया घुमटाकडे बघत उभ्या राहिल्या.

"नळ कधी सुटनार?"

मी उत्साहाने सांगितलं, ही पाण्याची टाकी नाही, रडार आहे. ढगात किती पाणी आहे ते यातून कळतं.

एक दुसरीला म्हणाली, "चाल वं घरी. हिचं पानी अजून ढगातच हाय!"

*

लोणारच्या स्क्रीनवर एकदा अनोळखी विमान आलं. खालून उडणारं, हळू, गोल फिरणारं. मी खामगावला आमच्या प्रमुखांना, देशमुख सरांना कळवलं. सरांनी चार ठिकाणी फोन केले. कुणाचंच विमान नव्हतं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आलं. शेवटी मी आणि ऑपरेटर गजानन सरोवराच्या काठावर जाऊन उभे राहिलो. तेवढ्यात सरांचा फोन.

"सापडलं का विमान?"

गजाननने वर बघत सांगितलं, "हाव सर. सापडलं. बगळ्यायचं हाय. आत्ताच बाभळीवर उतरलं!"

*

नामदेवकाकांच्या घरच्या, काकू, रोज ताक घेऊन येतात. एकदा मी त्यांना स्क्रीनवर माळावरून चाललेलं विमान दाखवलं. नागपूरहून पुण्याकडे जाणारं.

"अवं माय, आमचा पुतण्या आज त्यातच असंल! दिसते का?"

"माणसं नाही दिसत, काकू. नुसतं विमान दिसतं."

काकूंनी तांब्या उचलला. "इतकी मोठी मशीन, अन् पोरगं जेवलं का नाही तेबी सांगत नाही!"

*

खरी अडचण काकांची होती. रडार ढग हाकलून लावतं अशी गावातल्या बऱ्याच जणांची खात्री, आणि काकांची सगळ्यात पक्की. मी घुमटाखाली उभी राहून त्यांना समजावलं: यातून फक्त लहरी जातात, ढगाला लागून परत येतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे लागते तर खरं!"

शेवटी त्यांनी अट घातली. "इमानाचं काम करा, माझी ना नाही. पण ढगाले हात लावायचा नाही. ढग आले का मशीन बंद!"

देशमुख सर म्हणाले, "मान्य करा. अर्धं रडार तर अर्धं!"

आणि आम्ही ढग आले की ढग बघायचं यंत्र बंद करू लागलो.

*

मग काकांच्या मुलीचं लग्न आलं. मांडव माळाच्या पायथ्याशी. दुपारी जालन्याच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. ठरल्याप्रमाणे गजाननने मशीन बंद केलं. तेवढ्यात काका धापा टाकत वर आले. फेटा एका कानावर.

"मॅडम, बंद काऊन ठेवलं?"

"तुमचीच अट, काका."

"अट गेली खड्ड्यात! वऱ्हाड जेवाले बसून राह्यलं. चालू करा, हाकला त्याले!"

चालू केलं. स्क्रीनवर दिसलं, ढग मांडव सोडून मेहकरच्या दिशेने सरकतोय.

"काका, तो त्याचा तोच चाललाय. आपण काही केलं नाही."

काकांनी एक डोळा मिटला. "समजलं. मी बी कोनाले सांगत नाही."

मांडवावर एक थेंब पडला नाही! जाताना काका म्हणाले, "उद्या सकाळी कागद काढून ठेवा. सही करतो. लग्नसराईले असं यंत्र गावात पायजेच!"

फोनवर देशमुख सर म्हणाले, "सही घ्या आणि गप्प बसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेढे घेऊन हजर. आभाळ पुन्हा भरलेलं.

"आना कागद."

मी कागद खणात ठेवला. मशीन बंद केलं. मग मी दोन खुर्च्या बाहेर माळावर मांडल्या.

"बसा काका. आज मशीन बंद आहे. ढग आपले आपण कुठं जातात ते बघू, मग सही करा."