पहिलं हँडल

आमच्या गॅरेजात एक नियम होता. ज्यानं ठिणगीचं टायमिंग लावलं, गाडी सुरू करायला पहिलं हँडल त्यानंच मारायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि समोर वाकून हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर ते लोखंड उलटून येतं. चूक ज्याची, हात त्याचा. उस्तादांनी हा नियम घालून दिला होता आणि तो सगळ्यांत आधी पाळायचे तेच.

जालन्याला भोकरदन नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मी तिथं मिस्त्री होतो. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, दोन्ही हात सरावलेले. पण जुन्या विलायती गाड्यांचं टायमिंग ते मला लावू देत नसत. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन पॉइंट असतात, ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. तो क्षण पकडायला उस्ताद पॉइंटांच्या मध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरत आणि डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवत. घट्ट बसलेली पट्टी जिथं सैल होई, तिथं थांबत. "सुटला," म्हणत. बस, एवढंच.

भोकरदनच्या एका वकीलसाहेबांची गाडी आली होती. बॅटरी केव्हाच मेलेली, सगळा भरवसा हँडलवर.

"उस्ताद, चढावर रडून राह्यली गाडी. तुमचा हात म्हातारा झाला का?"

"गाडी तुमच्यावरच गेली साहेब. तारखेवर तारीख पडल्याबिगर हलत न्हाई."

वकीलसाहेब खो खो हसले. उस्तादांनी पट्टी लावली, "सुटला" म्हणाले आणि मला सांगितलं, "बोल्ट आवळ बराबर." मग हात धुवायला नळावर गेले.

डिस्ट्रिब्युटर जागेवर धरणारा तो बोल्ट मी आवळला नाही. आधी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला, ठिणगी लवकर पडेल असा. थोडा म्हणजे किती, हे आज मी कुणालाही दाखवू शकतो. गाडी चढावर ताणून निघावी आणि वकीलसाहेबांनी विचारावं, आज कुणाचा हात लागला, एवढीच हाव होती. मग बोल्ट आवळला.

उस्ताद हात पुसत आले. आता टायमिंग माझं होतं, म्हणजे हँडलही माझं. ते वाकले. "उस्ताद, थांबा." दोनच शब्द होते. ते माझ्या तोंडात होते आणि मी पाना हातात धरून मडगार्डाजवळ उभा होतो.

हँडल उलटं आलं. लोखंडाच्या आवाजात आणखी एक बारीक आवाज होता, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

वकीलसाहेब त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. मी म्हणालो, मी गॅरेज पाहतो. रिक्षा वळताच मी पतंगाचा कागद घेतला, इंजिनाच्या चाकावरची खूण जुळवली, पट्टी सुटेपर्यंत डिस्ट्रिब्युटर मागं आणला आणि बोल्ट आवळला. आयुष्यात पहिल्यांदा मी टायमिंग बिनचूक लावलं ते त्या दुपारी.

तिसऱ्या दिवशी उस्ताद उजव्या हाताला प्लास्टर घालून आले. डाव्या हातानं पट्टी धरून त्यांनी टायमिंग तपासलं.

"टायमिंग तर बराबर हाय. मंग हातच चुकला माझा. हँडलला झटका ढिला दिला असंल मी."

मनगट वाकडंच जुळलं. पण ते मनगटामुळं थांबले नाहीत. बोल्ट आवळता येत होता, पट्टी धरता येत होती. "हाताचा भरोसा ऱ्हायला न्हाई," असं गिऱ्हाइकाला सांगत आणि माझ्याकडं बोट दाखवत. जुन्या गाड्या एकेक करत माझ्याकडं आल्या. गॅरेजही आलं. प्रत्येक वेळी पट्टी सैल झाली की माझ्या मागून कुणीतरी म्हणे, "सुटला." मागं वळायचं मी हळूहळू बंद केलं.

चौदा वर्षांनी, तोवर ते मुलीकडं घनसावंगीला राहायला गेल्ते, मी जीपनं तिथं गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. डिस्ट्रिब्युटर, बोल्ट, ते दवाखान्यात गेल्यावर मी परत फिरवला तेही. मला वाटलं, शिव्या देतील. मी तयार होऊन गेल्तो.

ते आपल्या उजव्या हाताकडं पाहत होते.

"म्हंजे माझा हात चुकला न्हवता?"

"न्हाई उस्ताद."

"झटका?"

"बराबर होता. बिलकुल बराबर."

त्यांनी हवेतच मूठ वळली, अंगठा बोटांच्याच बाजूला घेऊन, हँडल धरतात तशी. वाकड्या मनगटानं ती एकदा खालून वर ओढली. पुन्हा ओढली. मुलगी चहा घेऊन आली, कप ठेवून थबकली, आणि तिनं विचारलं, "काय करून राह्यले बाबा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. चहावर साय धरली तरी त्यांचा हात चालूच होता.