चाचांचा अंगठा

छावणीच्या बाजारात जुनी भांडी विकणारे एक चाचा आहेत. येता-जाता मी तिथं थांबतोच, कारण त्यांचं भांडं पारखणं बघायला लई भारी वाटतं. बिडाचा तवा हातात आला की आधी बोटानं टकटक करून कान लावतात. आवाज बसका आला तर म्हणतात, "तडकला बिचारा." मग डोळे मिटून तव्यावर अंगठा फिरवतात अन् भाव सांगतात. तो अंगठा काय शोधतो, हे मी कधी विचारलंच नाय.

आईचा तवा तीस वर्षांचा. विकायचा नव्हता, नुसता भाव ऐकायचा होता. म्हणून ग्राइंडरनं घासून चांदीसारखा चमकवला अन् त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी टकटक केलीच नाय.

"अम्मीचा?"

"व्हय. तीस वर्षं झाली."

"तीस वर्षं तेल पाजून तिनं काळा थर चढवला होता, बेटा. कीमत उसी की थी."

मग स्वतःच्या बाटलीतलं तेल चोळून त्यांनी तवा परत दिला.

आता मी दिसलो की विचारतात, "काला हुआ क्या?"

मी म्हणतो, "होतोय चाचा."

धिरडी चिकटायला लागल्यापासून आई नॉनस्टिकच वापरते, हे त्यांना सांगायची हिंमत होत नाय.