न गाजणारा समुद्र

माझी माय मीठ खात नसे. नवे पाहुणे हे ऐकून विचारत, "वैद्यानं बंद केलं का?" माय म्हणे, "नाही बाप्पा, नवस आहे," आणि माझ्याकडे बोट दाखवी.

लहानपणी मी मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलो होतो. पोरगा उठून बसला तर समुद्राचं स्नान करीन आणि ते होईपर्यंत जिभेला मीठ लावणार नाही, असं तिनं तेव्हा बोलून ठेवलं. आमच्या अमडापुरात समुद्र पाहिलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. मी मोठेपणी तिला विचारलं, "माय, समुद्रच काऊन?" ती म्हणाली, "सगळ्यात दूरचं तेच माहीत होतं मले. जवळचं काही देवानं घेतलं नसतं."

वडील दरवर्षी 'पुढच्या साली' म्हणत राहिले आणि तसेच गेले. मग तो शब्द माझ्याकडे आला. मी गावच्याच शाळेत मास्तर झालो. वर्गात मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा टांगलेला असे, त्याला कुठंच निळी कड नव्हती. "उन्हाळ्याच्या सुट्टीत नेतो" हे मी इतक्या उन्हाळ्यांत म्हटलं, की म्हणताना जीभ अडखळायचीही थांबली.

पुढे माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं. तो कोकणात एका लहानशा बंदरावर कारकून होता आणि लग्न तिथंच होतं. मी बायको आणि मुलीला घेऊन गेलो, मायला नेलं नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, उजेड आणि अंधार एवढंच कळे. तिला हाताला धरून कोण चालवणार, लग्नघरात तिचं अळणी वेगळं कोण रांधणार, असं मी मनाशी म्हटलं. म्हणजे जो नवस माझ्यासाठी केलेला, त्याचीच सबब पुढे करून मी तिला घरी ठेवलं. तिला सांगितलं, लग्न पुण्याकडे आहे.

त्या गावापुढे खाडी होती आणि खाडीपलीकडे वाळूची एक लांबट पट्टी. होडीनं पट्टीवर जायचं. तिच्या बाहेरच्या अंगाला समुद्र धडका देई, आतल्या अंगाला मात्र पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं निवांत. तिथल्या बायका लेकरं घेऊन दुपार दुपार तिथं बसत. दुकान नाही, गर्दी नाही, कोणी हाका मारणारं नाही. आमची मुलगी तिथून हलेना. माझी बायको लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. घरी ती तशी हसत नसे. मला मायची आठवण झाली आणि मी तिच्यावरच चिडलो. कशासाठी, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथवर पोचणं इतकं सोपं निघालं, म्हणून असेल.

परतल्यावर मुलीनं उंबरा ओलांडायच्या आत सांगून टाकलं, "आजी, आम्ही समुद्र पाह्यला!"

माय रागावली नाही. तिनं मुलीला जवळ ओढलं. "भेव नाही वाटलं?"

"तिथं नाही वाटत. पुढं रेती आहे ना, ती लाटा अडवते."

मग मायनं मला सगळं विचारून घेतलं. पट्टी किती लांब, होडीत पाय कसा टाकायचा, बायका कुठं बसतात. शेवटी म्हणाली, "मले तिथंच नेजो. मोठ्या लाटेत मी म्हातारी काय टिकतो?"

मी हो म्हटलं. त्याच पावसाळ्यात तिचे पाय लटपटायला लागले. गरगरे, उठता उठता खाली बसे, एकदा तर चुलीपाशीच कोसळली. चिखलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंगात मीठच उरलेलं नाही, आधी ते सुरू करा. मी प्रवासाचं विचारलं. ते म्हणाले, "या अंगानं इतक्या दूरच्या प्रवासाचं नावही काढू नका."

मीठ पोटात गेल्याशिवाय समुद्र नाही आणि समुद्र झाल्याशिवाय मीठ नाही. चहूबाजूंनी दारं लागली. मी आमटीत चिमूटभर मीठ लपवून पाहिलं, तर पहिल्याच घासाला तिनं ताट सरकवलं. "तुह्या जिवावरचा नवस आहे तो. मी मोडला अन् तुले काही झालं तं?"

मी चौथीला जिल्ह्याचा भूगोल शिकवत असे. 'लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आहे' हे वाक्य मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेई. त्या दुपारी ते तोंडातून निघालं आणि मी मध्येच थांबलो. पोरं पुढचं वाक्य ऐकायला बसून राहिली.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"देवाशी लबाडी करता?"

"देवाशी नाही. मायशी."

"मंग ते बरं आहे का?"

 पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मायला सांगितलं की आता थेट समुद्राच्या रस्त्यानं मोटार जाते, आगगाडीची दगदग नको. चिखलीहून मोटारीनं मेहकर, रात्री धर्मशाळेत मुक्काम आणि पहाटे बैलगाडी. गाडीत ती वाटेतले मुक्काम बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "समुद्र इतका जवळ असन, तं इतकी सालं काऊन नेलं नाही रे मले?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, "रस्ता आत्ता झाला, माय."

गाडी काठावर थांबली. तिथून खाली विवरात उतरायचं. मी मायला पाठुंगळी घेतलं. तिचं वजन मला जाणवलंच नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "घाट उतरून राह्यलो," मी म्हणालो. झाडीतून मोर ओरडला.

"मोर आहे का रे? समुद्रावर मोर असतात?"

"असतात."

"लोक म्हणतात समुद्र गाजते. हा तं काहीच बोलत नाही."

मला ठाऊक होतं की ती हे विचारणार. उत्तरही मी तयार ठेवलं होतं. "मी सांगितलं होतं ना, तीच जागा आहे. पुढं रेतीची पट्टी आहे. लाटा तिच्या पल्याड राहतात."

खाली पोचलो तेव्हा चारी बाजूंनी उभी कड आणि वर गोल आभाळ. कडेवरून कोणी ओळखीचं वाकून पाहील, हाक मारील, "काय मास्तर, लोणारले कसे काय?" या धास्तीनं माझी मान सारखी वर जात होती. पाणी हिरवट होतं, काठच्या चिखलावर पांढरी खपली आणि नाकात कुजका, उग्र वास. एक गुराखी जवळून गेला आणि बैलांवर ओरडला, "हट बे!" माय थबकली.

"इथंबी आपलीच बोली?"

"आपल्याकडचे लय लोक येतात इथं," बायको म्हणाली. ती पहिल्यांदाच माझ्या खोट्याला धावून आली होती. बोलून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

आम्ही दोघांनी धरून मायला पाण्यात नेलं. तिनं ओंजळ भरली, जिभेवर एक थेंब घेतला आणि तशीच उभी राहिली. पाणी तिच्या बोटांतून गळून गेलं.  तिनं मला नाही, मुलीला हाक मारली.

"पोरी, ती रेतीची पट्टी दिसते का तुले?"

मुलीनं खरी पट्टी पाहिलेली होती. तिनं समोर पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. माझ्या साऱ्या आयुष्यातली ही एक हालचाल मला परत घ्यायची आहे.

"हाव, आजी," ती म्हणाली. "दिसते."

"पोरं खेळून राह्यली?"

"हाव."

मायनं मुलीचा हात घट्ट धरला आणि त्या पाण्यात खाली बसून डोक्यावरून ओंजळी घेतल्या. वर आल्यावर बायकोनं तिचं अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं. मग मी भाकरी आणि मिठाचा ठेचा पुढे केला. माय पाण्याकडे तोंड करून बराच वेळ चावत राहिली.

दोन महिन्यांत ती भिंतीला न धरता चालायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण गावातल्या बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. समुद्र न्हाऊन आलेली बाई! संध्याकाळी ओसरीवर त्या बसत आणि माय त्यांना सांगे की पुढं रेतीची पट्टी असते, ती लाटा अडवते, म्हणून लेकरं न भिता खेळतात. मी आतल्या खोलीत वह्या तपासायचं सोंग करी. बाहेर जावं तर ओसरीतूनच वाट. मुलगी आजीजवळ बसेनाशी झाली होती.

होळीच्या सुमारास मी धीर केला. घरात दुसरं कोणी नव्हतं. "माय, आता तुझ्यात ताकद आली. या सुट्टीत पुन्हा समुद्रावर जाऊ. आगगाडीनं."

"काऊन? एकदा झालं ना."

"तरी."

ती पापडाचं पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. "पापडात लोणारच्याच पाण्याचा खार पडते आपल्या. इतकी सालं मळून राह्यली मी. जिभेवर थेंब घेतला तेव्हाच समजलं."

 मी एवढंच विचारू शकलो, "मग मीठ काऊन खाल्लं?"

"पोरीनं हाव म्हटलं ना. तिचा हात कसा कापून राह्यला होता, तुले नाही दिसला? मी नाही म्हटलं असतं, तं तिच्या तोंडावरच तिले लबाड केलं असतं मी."

"अन् नवस?"

"मोडला. मोडला तं मोडला." तिनं तळहाताला तेल लावलं. "तू शाळेतून येईपर्यंत मी दाराशी बसतो, पाह्यतो ना तू? त्याच्याचसाठी बसतो."

तिचं ते दाराशी बसणं मी पाहत होतो. म्हातारपणाची सवय समजत होतो.

"म्हणून तर चल," मी म्हणालो. "खरं स्नान करू. मी हात जोडतो, माय."

"कसं येऊ? साऱ्या गावाले माहीत आहे, मास्तरानं मायले समुद्र दाखवला. आता पुन्हा निघालो तं इचारतीन ना, मंग पहिल्यांदा कुठी नेलं होतं? तू पोरांसमोर उभा राह्यतो रोज." तिनं पिठाचा गोळा उचलून उलटा केला. "मी नाही येत."

मी आग्रह केला नाही. खरं लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो, की तिनं नाही म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी कळलं की आता कोणीच सुटणार नाही. तिचा समुद्राचा रस्ता मीच बंद केला होता आणि त्याच्या दाराशी ती माझी अब्रू राखत बसली होती.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं जगली. ओसरीवर बायका जमल्या की ती मला आत राहू देत नसे. "मास्तर, बाहेर ये. माह्या डोळ्याले तं काही दिसलं नाही, तूच सांग यांना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच ऐकायचं असे. मी भिंतीला टेकून सांगे की होडीतून उतरताना पाय कसा थंड पाण्यात पडतो, ओल्या रेतीवर पावलं उठतात ती लगेच कशी भरून येतात, पल्याडचा आवाज अंगाखालच्या रेतीतूनही कसा जाणवतो. बायका माना हलवत. माय हातातलं काम बाजूला ठेवून माझ्या दिशेनं चेहरा करून बसे.

एकदा तिनं विचारलं, "रात्री ती पट्टी पाण्याखाली जाते का रे?"

मला माहीत नव्हतं. मी तिथं रात्री थांबलोच नव्हतो.

"तू तं होती ना वं तिथं," एक बाई हसून मायला म्हणाली.

"होती," माय म्हणाली. "पण मी दिवसाच निघून आली."