देवरे सरांचा चैत्रातला किनारा

देवरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या दुकानाच्या काउंटरपलीकडे, हातात रुमालाची पुरचुंडी धरून उभे असलेले. पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं आणि हे गृहस्थ ड्रॉपर मागत होते. कशासाठी म्हणून विचारलं, तर त्यांनी रुमाल उघडून दाखवला. आत पंख्याला आपटून पडलेला एक चिमुकला पक्षी होता, पाकोळी. "पेशंटचं वय काय?" मी जरा खवचटपणेच विचारलं. "ते त्यांनी सांगितलं नाही," सर गंभीरपणे म्हणाले, "पण तहान लागलीय एवढं दिसतंय." संध्याकाळी ते मुद्दाम परत आले. पाकोळी उडून गेली होती आणि ही बातमी मला कळलीच पाहिजे असं त्यांना वाटलं होतं. धुतलेला ड्रॉपरही परत आणला होता. तो मी घेतला नाही, पण त्या रविवारी त्यांच्या पक्षी पाहणाऱ्या गटाबरोबर नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात गेले, आणि मग जातच राहिले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कार्याबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. सर मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. नाशिकला येऊन त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. वर्गात आणि आमच्यासमोर त्यांचं मराठी अगदी छापील. घरी पत्नीशी, म्हणजे आमच्या माईंशी, मात्र अहिराणी. मन फार हललं की चारचौघांतही अहिराणीच बाहेर पडते, हे आम्हाला पुढे कळलं.

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सर दुकानात आले की माझ्याशी दोन शब्द बोलून मागच्या खोलीत जायचे आणि त्या दिवशी पाहिलेले पक्षी त्यांना सांगायचे. सासूबाईंना चिमणी आणि पोपट यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. तरी तिसऱ्या प्रहरी त्या केस नीट करून घ्यायच्या आणि मला विचारायच्या, "मास्तर आले का गं?" त्यांच्या खिडकीबाहेर पाण्याचं मातीचं भांडं सरांनीच बांधून दिलं होतं. माझ्यावर सरांचे उपकार खूप आहेत, पण यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पक्षी दाखवण्याची सरांची एक पद्धत आहे, आणि नव्या माणसाला ती वैताग आणते. सर नाव सांगत नाहीत. आपणही सांगायचं नाही. आधी प्रत्येकाने काय दिसलं ते बोलायचं: पाय कसे, चोच केवढी, मानेवर पट्टा आहे का, चालताना थांबतो की धावतो. सगळ्यांचं बोलून झालं की मग नाव. "नाव ऐकलं की माणूस बघायचं थांबवतो," असं त्यांचं म्हणणं. घाईने नाव फोडल्याबद्दल मी इतकी बोलणी खाल्ली आहेत की त्यांची मोजदाद नाही.

तरीही सर किती मोठे आहेत हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी सर साफ चुकले होते.

आम्ही नाशिकची माणसं धरणाच्या पाण्यावरची. समुद्राशी आमची ओळख जुजबी, आणि तीही थंडीतली. थंडीत किनाऱ्यावरचे बारके पक्षी सगळे सारखेच मळकट दिसतात. चैत्रात मात्र दक्षिणेकडून परतीला निघालेले थवे तिथे उतरतात, तेव्हा त्यांना विणीच्या हंगामाचे रंग चढलेले असतात. ते दाखवायला सरांनी एका वर्षी आम्हाला जव्हारचा घाट उतरवून डहाणूच्या बाजूला नेलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल. आमचा मुक्काम गावच्या सरपंच हिराताई यांच्या घरी होता.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा आहे. सकाळी ओहोटीच्या वेळी तिथे एकटाच एक चिखल्या, चिखलात टिपत फिरणारा बारका पक्षी, दिसला, विटकरी छातीचा, ऐटबाज. आम्ही दुर्बिणी लावतोय तोच सर ओरडले. होय, सर ओरडले, आणि नाव घेऊन ओरडले! आपल्या किनाऱ्यावर क्वचितच कुणाला दिसलेल्या एका दुर्मीळ चिखल्याचं ते नाव होतं. झालं, मग आम्हा सगळ्यांना तोच दिसायला लागला.

हिराताईंना कळताच त्या हरखून गेल्या. त्याला कारण होतं. पर्यटकांच्या गाड्यांसाठी त्याच वाळूवर मुरूम टाकून पार्किंग करायचा ठराव त्या दुपारच्या ग्रामसभेत यायचा होता आणि हिराताईंना तो नको होता. "आता कुनाची छाती हाय मुरूम टाकायची?" त्या म्हणाल्या. "मास्तर, तुमीच सांगा सभेत, एवढा मोठा पक्षी आलाय म्हनून." सरांनी होकार दिला.

जेवताना मात्र सरांचं ताटाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "तनुजा, तू काय पाहिलंस? नाव सोड. नुसतं काय दिसलं ते सांग." मी सांगायला लागले आणि पायांच्या रंगापाशी अडखळले, कारण पाय मी पाहिलेच नव्हते. सर तसेच उठले आणि उन्हात पट्ट्यावर गेले. मी मागोमाग. भरती चढत होती, त्यामुळे पक्षी जवळ सरकले होते आणि आता एक नव्हे, थवाच्या थवा होता. काहींची छाती पुरती विटकरी, काहींची अर्धी, काही अजून मळकटच. सर पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"नही शे तो," ते हळूच म्हणाले. "मनी चूक शे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. हा आपला नेहमीचाच गं. लग्नाचे कपडे घालून आला आणि मी ओळखलं नाही."

मी म्हटलं, सर, आज सभा तर होऊ द्या. वाळू वाचू द्या. खुलासा काय, नाशिकला जाऊनही करता येईल. मला ते त्या क्षणी पूर्ण योग्य वाटत होतं.

"मग पुढच्या खेपेला खरं सांगायला मी कुठल्या तोंडाने येऊ?" सर म्हणाले.

सभेत सर उभे राहिले आणि म्हणाले, सकाळी मी चुकीचं नाव सांगितलं. हा पक्षी दुर्मीळ नाही, दरवर्षी येतो, थव्याने येतो. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग कावळाच म्हना की मास्तर!" हशा पिकला. हिराताईंनी मान खाली घातली. सरांनी हशा ओसरू दिला आणि पुढे बोलले: हा पक्षी दूर दक्षिणेकडून येतो, या वाळूवर थोडे दिवस पोटभर खातो आणि त्या बळावर हिमालयापलीकडे जातो. इथे पोट भरलं नाही तर तो पोचणार नाही. "मोठा नाही तो," सर म्हणाले, "पण भुकेला आहे." तरी पार्किंगचा ठराव मंजूर झाला.

परतीच्या वाटेवर जव्हारला चहासाठी थांबलो तेव्हा माझा पेला सर स्वतः घेऊन आले. "रागावलीस?" "हो." "रागावणारच," असं म्हणून ते माझ्या शेजारी बसून राहिले. राग गेला नाही, पण चहा मी प्यायले.

पुढच्या चैत्रात जायला कुणी तयार नव्हतं. मुरूम बघायला कशाला एवढा घाट उतरायचा? पण सरांनी आग्रह धरला. आम्ही पोचलो तर वाळू जशीच्या तशी! पार्किंग झालं होतं, पण अलीकडे, सुरूच्या बनामागे. आम्ही हिराताईंकडे पाहत राहिलो.

"ठराव झालता," त्या म्हणाल्या, "पन मी काम लांबवलं आन् परत सभा लावली. म्हनलं, मास्तर एक शब्द खोटं बोलले असते तर माजंच काम झालं असतं. तरी नाय बोलले. मंग पाखराला भूक लागते म्हनाले, ते बी खरंच असनार. हे सांगितल्यावर कोन काय बोलनार?"

सर पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले. ते रडत होते. आम्हीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तेव्हापासून आमचा एकही चैत्र चुकलेला नाही. यंदा सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, माई दारातूनच म्हणाल्या, "आते वाळूमा कशाले जातस?" पण सर निघालेच. हिराताईंनी वाळूवर प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. समोर थवा उतरला. जाळी विणणाऱ्या दोघीतिघी हात थांबवून तिकडेच पाहत होत्या. हिराताईंनी विचारलं, "मास्तर, तुमचा तो मोठा पक्षी आला का वो कदी?"

"नाही आला," सर म्हणाले. "आणि न आलेलाच बरा. तो आला तर यांच्याकडे कोण बघणार?"

सर, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना. गुडघा सांभाळा, माईंचं थोडं तरी ऐका आणि पुढच्या चैत्रात, त्याच्याही पुढच्या कितीतरी चैत्रांत आम्हाला घाटाखाली घेऊन चला. तुमच्याशिवाय कसं पाहायचं ते तुम्ही आम्हाला शिकवलंत. पण तुमच्याशिवाय पाहायची आमची मुळीच इच्छा नाही.