मासळी उपाशी ठेवायची होती

१९५८ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि दौंडला रेल्वेच्या फिल्टर हाउसवर, म्हणजे वसाहतीचं पाणी जिथं साफ करतात तिथं, खलाशी म्हणून मजुरीला होतो. शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांशी वाकडं आलं, ते सरळ झालंच नाही. पण ब्लीचिंग पावडर मी नाकानं ओळखायचो. डबा उघडला की पावडरीत दम आहे की उडून गेलाय, हे तिथल्या साहेबांच्या तपासायच्या काचेच्या नळ्यांच्या आधी मी सांगत असे, आणि साहेब ऐकून घेत. हे मी आजही मिरवतो. मिरवण्यासारखं दुसरं फारसं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या वडगाव रासाईच्या समोर, नदीपलीकडच्या एका वाडीत पटकी लागली. माणसं जाऊ लागली. शिरूरहून आरोग्य खात्याचा माणूस पावडरीचा डबा घेऊन आमच्या गावात आला, तर गावानं त्याला विहिरीच्या काठावरून परत पिटाळला. डबा तेवढा चावडीत ठेवून तो गेला. मला निरोप पोचला तसा मी रजा टाकली आणि सायकल हाणत गावी आलो. माझी आई त्याच विहिरीचं पाणी पीत होती.

गावाचं म्हणणं साधं होतं. विहिरीत मासे होते, हातभर लांब, कुणी कधी सोडले ते जुन्या माणसांनाही ठाऊक नव्हतं. मासे आहेत तोवर पाणी गोड, असं सगळे धरून चालायचे. आम्ही भोई, मासे धरणं हा आमचा धंदा, पण त्या विहिरीत आमच्या कुणाचं जाळं कधी पडलं नव्हतं. पावडरीनं ते मासे मेले तर ते पाणी कोण पिणार?

चावडीत आबा बसले होते. चांगली बागायत असलेले शेतकरी, गावात त्यांच्या शब्दापुढं शब्द नसे.

"काय रं, रेल्वेचं पाणी पिऊन लई शाना झालास व्हय?"

"आबा, मापात टाकली तर कायबी हुत न्हाई. दौंडात सगळी वसाहत तेच पाणी पिती."

"आन् दौंडातल्या नळात मासं हायेत का?"

लोक हसले. ते हसणं मला लागलं.

"मासं मरत न्हाईत," मी म्हणालो. हे मला माहीत नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेलेला शब्द माघारी घ्यायची मला सवय नव्हती.

"दावतोस?"

"दावतो. दोन दिवस द्या."

"दिलं. मासं मेलं तर डबा नदीत. आन् तू परत हितं तोंड उघडायचं न्हाई."

मासळीवर पावडर कशी तपासतात हे मी साहेबांचं बघितलं होतं. त्यांनी एकदा काचेच्या टाक्या मांडल्या होत्या आणि पाणी मी वाहिलं होतं. निकाल त्यांच्या वहीत गेला, मी विचारला नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं होतं. पण रीत पाठ होती. मासळी एका मापाची घ्यायची. एका टाकीत पावडर टाकायचीच नाही. पावडरीचा दम उडतो म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. आणि मासळी उपाशी ठेवायची. साहेब म्हणाले होते, "दाणा पडला की तपासणी बुडाली."

नदीतून बोटाएवढी पांढरी मासळी धरून आणली. आमच्या पडवीत रुंद तोंडाची चार मडकी मांडली, विहिरीच्या पाण्यानं भरली, एकेकात पाच मासे सोडले. पहिल्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात विहिरीत टाकायचं तेवढ्याच मापानं पावडर. तिसऱ्यात दुप्पट. चौथ्यात चौपट.

चौथ्यातले घटकाभरात उलटे झाले. त्याचं मला काही वाटलं नाही, चौपट माप विहिरीत कोण टाकतंय. तिसऱ्यातले दुपारपर्यंत गेले. तेव्हा मात्र मी शेजारच्या मडक्यात वाकलो. दुसऱ्या मडक्यातले मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. मी मडक्याशी उकिडवा बसून राहिलो. आई भाकरी खायला बोलवत होती, गेलो नाही. नदीपलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली आणि मग आत गेली. वाऱ्यावर तो आवाज स्पष्ट यायचा. संध्याकाळी पाणी बदललं, माप घातलं आणि तिथंच पडवीत आडवा झालो.

सकाळी दुसऱ्या मडक्यातले पाचही मासे खाली फिरत होते. मी हात लावला की सुळकन बाजूला. पुन्हा पाणी बदललं, माप घातलं आणि आबांना बोलावून आणलं. ते बराच वेळ वाकून बघत होते. पहिलं मडकं, दुसरं मडकं, परत पहिलं.

"ह्यात पावडर हाय?"

"हाय."

"शपथ?"

"आईची."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "उद्याच्याला सकाळी टाकू. आजचा दिस सरू दे."

त्या दिवशी मी गावातून जरा छाती काढूनच हिंडलो. खोटं कशाला सांगू.

दिवस मावळायच्या आधी पाणी बदलायला घरी आलो, तर आई दुसऱ्या मडक्याशी बसलेली. हातात कणकेचा गोळा. बारीक बारीक कुस्करून पाण्यात सोडत होती.

"आई, काय करतीस?"

"मुकं जनावर हाय. काल तोंड वासून मागत व्हतं, तुला दिसलं न्हाई?"

"कालपास्नं घालतीस?"

"काल तू पानी बदलून पाठ टेकलीस तवा. सकाळी तू आबास्नी बोलवाया गेलास तवा. आन् आता. माशाला कणीक घालावी, आपल्या दारात बांधून ठेवून उपाशी मारायचं व्हय? पाप लागतंय."

ते भूक लागून तोंड उघडत नव्हते, गुदमरत होते. पण हे तिला कोण सांगणार. मासळी उपाशी ठेवायची, हे तरी मी कुठं कुणाला सांगितलं होतं. मडक्याला नाक लावलं. वास नाही, जरासुद्धा नाही. फिल्टर हाउसवर आम्ही रोज बघत होतो, गढूळ पाणी पावडर खातं, म्हणून पावसाळ्यात जास्त टाकावी लागते. इथं कणकेनं खाल्ली होती. मासे जगले ते नुसत्या पाण्यात जगले, आणि मी आईची शपथ घेतली होती.

नदीतून पाच मासे परत आणले. नवं मडकं, तेच माप. आईला म्हटलं, "ह्याच्याजवळ येऊ नगंस."  तिनं हातातला गोळा ठेवला, हात धुतले आणि ती चुलीशी गेली.

मनाशी हिशेब चालू होता. गप्प बसलो तर सकाळी पावडर पडेल, माणसं पटकीपासून वाचतील. पण दोन दिवसांत मासे वर तरंगतील, गाव विहीर सोडून नदीचं पाणी प्यायला लागेल, आणि पटकी नदीपलीकडंच होती. आणि बोललो तर तोंड कुठं दाखवू?

उजाडलं तेव्हा पाचातले चार मेले होते.

मी ते मडकं डोक्यावर घेतलं, खांद्यावर जाळं टाकलं आणि विहिरीवर गेलो. आबा डबा घेऊन आधीच उभे होते, गावही जमलं होतं. मडकं त्यांच्या पायाशी उतरवलं.

"मी काल दावलं ते खोटं व्हतं. आईनं कणीक घातली, तिच्यात पावडर मेली. मासं मरतात. माणूस मरत न्हाई, त्येची माझी आजबी शपथ हाय. माशाचा जीव कल्ल्यात असतो, पाणी तिथनं आरपार जातं. आपण पोटानं पितो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

आबा मेलेल्या मासळीकडं बघत होते. मग माझ्या खांद्यावरच्या जाळ्याकडं.

"जाळं कशाला आणलंस?"

"तुम्ही व्हय म्हनला तर मासं आधी वर काढतो. गुरांच्या डोणीत नदीचं पाणी भरून ठिवायचं. मग पावडर. वास गेला की चार-पाच दिसांनी परत सोडू."

"आन् पानी पयल्यांदा कोन पिणार?"

"मी. मग माझी आई."

त्यांनी डबा कठड्यावर ठेवला. "डोणी भरा रं," मागं वळून म्हणाले, आणि मला, "उतर."

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी गळ्याएवढ्या पाण्यात होतो. अकरा मासे निघाले. शेवटचा फार हुशार, तीनदा जाळ्याखालून गेला. तो डोणीत पडल्यावर मी ओल्या अंगानंच वर आलो, डबा उघडला आणि आधी वास घेतला. पावडरीत दम होता.