मामा मागून बोलला नाई

“बापू, तुह्या मागच्या मानसानं औषध घेतलं काय?”

अकोल्याच्या अलीकडं रेल्वे फाटकाजवळ बोरं विकत बसलेल्या एका बाईनं मले असं इचारलं, तवा मी हासलो. म्हटलं, “नाई वो माय, मामा हाये माहा. झोपला असन.” ती हासली नाई. टोपली बाजूले सारून उठली, माह्या पाठीवर टेकलेलं मामाचं डोकं हातानं थोडंसं उचललं, पाह्यलं, अन परत जसंच्या तसं ठेवून देल्लं... दुसऱ्याची वस्तू चुकून हातात आली का आपन ठेवून देतो ना, तसं. “झोपला नाई रे बाप्पा,” ती मने. सुदाममामा गेला हे आख्ख्या जगात सगळ्यात शेवटी मले समजलं, अन सगळ्यात जवळ मीच होतो.

तिचंबी चुकलं नोहतं. त्या सालांत आमच्या वऱ्हाडात मोटरसायकलवर मान टाकलेला मानूस दिसला का लोकं दुसरं काही इचारतच नोहते. वावरात फवारायचं औषध घेतलेला मानूस असाच दवाखान्यात जाये. डॉक्टरनंबी पयले बाटलीच मांगतली. “कोनतं औषध होतं? बाटली आनली काय?” मी म्हटलं, “पानं आनली.” खरंच आनली होती. गाडीच्या दोन्ही अंगानं खायच्या पानाच्या टोपल्या बांधल्या होत्या, फडकं अजून ओलं होतं. मामाचं हृदय बंद पडलं, एवढंच झालतं. पन अंजनगावात अर्ध्या लोकाईले आजबी वाटते का सुदामनं घेतलं. म्हून हे लिहून राहिलो. मामानं त्या दिवशी सकाळी घेतल्या कचोऱ्या, अन माह्या ड्रायव्हिंगचा धसका. तिसरं काई नाई.

सुदाममामा म्हंजे माह्या मायचा धाकला भाऊ. अंजनगाव सुर्जीत त्याचा पानमळा. पयले गावातून पानाच्या टोपल्याईचा टेम्पो भरून अकोल्याच्या बाजारात जाये. मंग विहिरी आटल्या, एकेकानं वेल उपटून फेकले, अन उरलेल्या चार टोपल्याईसाठी टेम्पोवाल्यानं यायचं सोडलं. पन पान कोनासाठी थांबत नाई. ऊन चढायच्या आत बाजारात टेकलं नाई तर त्याचा पापड होते. म्हून मामानं मोटरसायकलले दूधवाल्यासारखी लोखंडी कडी बसवली, एकेका अंगी एकेक टोपली टांगली, अन स्वताच न्यायला लागला. मंग त्याचा गुडघा गेला. त्याले मूलबाळ नाई. घरात रिकामा मानूस एकच, तो म्हंजे मी. मी तवा कॉलेजात आपटून गनपतीत, लग्नात मिमिक्री करत फिरो. हेडमास्तर, सरपंच, बँकेतला साहेब, कोनाचाबी आवाज काढून द्यो. उंची सोडून माह्याजवळ सगळं होतं. गाडीवर बसलो का माहे पाय हवेत. अन गाडीले मी असा भ्यायचो का स्टँडवर उभी असली तरी तिच्याकडून हळूच जायचो.

मामा तरी कोठी उंच होता? माह्याहून बोटभर कमीच. आमच्या घरान्याचं माप घेतानी देवानं टेप उलटा धरला होता. मले वाटे, बुटका मानूस बुटक्याले समजून घेईन. तसं नसते. त्याच्या लग्नात त्याले घोड्यावर बसवतानी मानसाईनं काखेत हात घालून लेकरासारखा उचलला होता, अन आख्खी वरात हासली होती. ते हासू त्यानं जपून ठेवलं होतं, अन माह्यावर खर्च केलं.

शिकवनी ढोराच्या बाजारात, बाजार नसते त्या दिवशी. तरी पाह्याले मानसं यायचेच. मामा त्याईले हाका मारून बोलवे. “या या, सर्कस आली, तिकीट नाई!” मी क्लच सोडला का गाडी एकीकडं अन मी दुसरीकडं. पडली का तिले हात लावाले कोनाले परवानगी नोहती. मामा शेनाचा पो चुकवत लंगडत येये अन माह्या डोक्यावर उभा राहे. “उचल. पाठ लाव तिले, गुडघे वाकव, अन मागं मागं चाल. हातानं नाई बे बह्याडा, हात काय हायेत तुहे, अगरबत्त्या!” कोपर फुटलं तर मने, “रगत निघालं? बरं झालं, आंगात हाये हे समजलं.” शकील, गाड्याईच्या सीटा शिवनारा माहा दोस्त, त्याच्याकडं आमी सीट कापाले घेऊन गेलो. त्यानं आतला फोम कापला, मी बसून पाह्यलं, पाय लोंबकळतेच. परत कापला. “और कितना काटूँ रे?” शकील मने, “अब नीचे सिर्फ पत्रा बचा है. तेरी हड्डी भी काट दूँ क्या?” मामा मने, “हड्डी राहू दे, जीभ काप. वजन कमी होईन.”

खरं सांगतो, त्याचं शिकवनं काही खोटं नोहतं. मले वाटे, उंच पोट्ट्याईसारखे दोन्ही पाय टेकले पायजेत. मामा मने, “दोन्ही पाय टेकवाची आस सोड. ती नाई पुरी होत. बुड डावीकडं सरकव, अर्ध्या सीटवर ये, अन डावा पाय एकच, पुरा टेकव. उजवा ब्रेकवर राहू दे. अन खाली कावून पाह्यतं रे? जमीन काही पळून नाई चालली. दूर हाये, एवढंच.” एवढ्या चार गोष्टी. पन त्या सांगाच्या म्हंजे त्याले आधी मायबाप काढा लागे, अन मागं बसून माह्या बरगडीत अंगठा खुपसा लागे. गेअर बदल, अंगठा. हळू घे, अंगठा. सकाळी आंघोळीले शर्ट काढला का मामी माही पाठ पाहून मने, “हे काय, गोंदून घेतलं काय?”

मंग आमी दोघं अकोल्याच्या खेपा कराले लागलो. मी समोर, तो मागं, दोन टोपल्याईच्या मधात अडकून. अंजनगाव, अकोट, पूर्णेचा पूल, अकोला. मी भेकड मानूस, मी आपलं डोकं लढवलं. आख्ख्या रस्त्यात पाय ठेवाले कोठी दगड हाये, कोठी मोरीचा कठडा हाये, कोठी हॉटेलचा ओटा हाये, सगळं पाठ करून टाकलं. थांबाचं ते तिथंच. हप्ताभरात मामाच्या ध्यानात आलं. मंग तो दगड समोर दिसला का मने, “आता नाई,” अन दगड मागं गेला का मने, “हं, आता थांब.” मधात, उताराले, जिथं डांबर तुटून घसरगुंडी झाली तिथं. मी कित्येक डाव पडलो. पानं पडली, मामा पडला. पडल्या पडल्याबी तो खालून बोले. “पाह्य, तुह्यापेक्षा टोपली चांगली पडली.”

सगळ्यात बेकार त्याच रेल्वे फाटकावर. फाटक चढावर हाये, अन बंद असलं का दोन्हीकडं गाड्या, बैलगाड्या, कापूस भरलेले ट्रक, शाळेच्या पोट्ट्या. मी चढावर थांबलो, पाय टेकवला, तर खाली खड्डा. गेलो. बुलेटवाल्याच्या पायावर, एका पाटलाच्या बैलबंडीतल्या कापसावर, शाळेच्या पोट्ट्याईच्या समोर. शोधलं तर मामा कोठी? तो टोपल्याईतून सटकून लोकाईत जाऊन उभा. हात मागं बांधून, मान हलवून, बाकीच्या सारखं पाहून राहिला. कोनीतरी त्याले इचारलं, “काका, तुमचं पोरगं काय?” मामा मने, “छे वो. मी पायी चाललो. कोनाचं हाये कोनास ठाऊक, असे पोट्टे घरून सोडतेत कसे.” अन जोरात हासला. मी गाडीले पाठ लावून एकट्यानं उचलली, स्टँडवर लावली, पानं गोळा केली, माती फुकून फुकून टोपलीत भरली. फाटक उघडलं. मी किक मारली तवा तो चूपचाप येऊन मागं बसला अन अंगठा खुपसला. “चाल. शरमेनं पान वाळून राह्यलं.”

त्याचा बदला मी दोस्ताईत घेतला. शकीलच्या दुकानी मामाची मिमिक्री म्हंजे आमचा पिच्चर. लंगडत येनं, बोट रोखनं, “बुड सरकव बे!” एक डाव मी रंगात आलतो अन सगळे अचानक चूप झाले. मागं मामा. मले वाटलं, गेलो आता. तो स्टूल ओढून बसला. “परत कर.” मी केली. “आवाज वरून येते तुहा. माहा छातीतून येते. अन लंगडतो मी उजव्या पायानं, डाव्या नाई. ज्याले मागं बसलेला मानूस धड पाह्यता येत नाई, त्याले समोरचा रस्ता काय दिसन?” म्हून उठला अन निघून गेला. मिमिक्रीतबी नापास. मी त्याच्याकडून एकच गोष्ट मांगत होतो, मनातल्या मनात. एक डाव त्यानं मागून म्हनावं, “बरं.” शाबासकी नाई, कौतुक नाई. नुसतं बरं. बाकी लोकं चार पैशाचं काम केलं तरी म्हनतेत ना.

त्या दिवशी अकोटले त्यानं कचोऱ्या खाल्ल्या अन छाती चोळली. “तेल जुनं होतं भडव्याचं,” मने. मी म्हटलं, “मामा, इथंच डॉक्टरले दाखवू.” तो मने, “अन पानाले कोन दाखवन? ऊन चढून राह्यलं. अकोल्यात पाहू.” मंग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं आमच्या दोघाईच्या कमरेले मिळून गाठ मारली. “भवंड आल्यासारखी होऊन राह्यली. पडलो तर तू काय वापस पाह्यनार हायेस?” सुरुवातीले अंगठा चालू होता, पन जोर नोहता त्याच्यात. चोहट्टा गावाच्या अलीकडं मने, “एवढा कावून पळवतं, सासऱ्याकडं चाललं काय?” थोडं पुढं गेल्यावर मने, “आता एवढा हळू कावून?” ...अन मंग काही नाई.

पूर्णेच्या पुलावर समोरून कापसाचा ट्रक आला, दोन्ही अंगानं फुगलेला, पूल भरून. थांबा लागलं. दगड नाई, कठड्याजवळ जाले जागा नाई. पन माह्या आंगानं माह्याआधीच काम सुरू केलं. बुड सरकलं, डावा पाय पुरा टेकला, उजवा ब्रेकवर, नजर दूर ट्रकच्या पलीकडं. गाडी हालली नाई. टोपल्या हालल्या नाई. ट्रक बोटभर जागेतून गेला अन मी अशी उचलली जशी लोन्यातून सुरी. मी वाट पाह्यली. अंगठा आला नाई. शिवी आली नाई. मामाचं डोकं माह्या पाठीवर टेकलेलं, भारी भारी. मले वाटलं, झालं. बुड्ढ्याले काही सापडून नाई राह्यलं. इतक्या दिवसाचं तोंड बंद झालं एकदाचं. त्यानं बरं म्हटलं नाई, पन चूप बसला, अन मामाच्या तोंडी चूप म्हंजे बरंच.

पुढचा रस्ता मी जसा चालवला, तसा मी जिंदगीत कधी चालवला नाई. खड्डे आधीच दिसत होते. बंड्याईच्या रांगेतून, ढोराच्या मधातून, कुत्र्याच्या शेपटीकडून, कोठी थरथर नाई. एका जागी गरज नोहती तरी मुद्दाम थांबलो, रस्त्याच्या मधात, नुसतं दाखवाले. म्हटलं, “पाह्यलं काय?” काही नाई. आनंदानं मी गाऊन राह्यलो होतो. त्याच्या आवाजात, छातीतून काढून, स्वतालेच म्हटलं, “बरं करतं बे टिल्ल्या.” हुबेहूब जमला. मंग फाटक आलं. बंद. चढावर, सगळ्या गाड्याईच्या मधात, त्याच जागेवर मी थांबलो. एक पाय. सरळ. कोनी माह्याकडं पाह्यलंबी नाई, जसं उंच मानसाकडं कोनी पाह्यत नाई. अन मंग त्या बोरंवाल्या बाईनं पाह्यलं.

डॉक्टरनं मंग सांगतलं का पुलाच्या आधीच संपलं असन, तू थांबला असता तरी काही झालं नसतं. त्याले वाटलं, मले बरं वाटन. मी हिशेब केला तो दुसराच. म्हंजे माही परीक्षा झाली तवा परीक्षा घेनारा नोहता. जेवढा रस्ता मी मामाले दाखवून चालवला, तेवढा सगळा एका टोपलीनं पाह्यला, अन दुसऱ्या टोपलीनं. दुपट्ट्याची गाठ कोनालेच सुटेना. शेवटी वॉर्डबॉयनं कैची आनली. एवढी पक्की गाठ बांधनारा मानूस... दाराशी एक जन दुसऱ्याले सांगत होता, “बाप लेकाले बांधूनच घेते रे, तवा खरं प्रेम.” मले त्याच्या कानाखाली मारावं वाटलं. प्रेम नाई बे, त्याले भेव होतं का हा बह्याड मले पाडीन.

आता अकोल्याची खेप मीच करतो. एकटा. दगड लागत नाई, ओटा लागत नाई. गाडी चालवनं मले येते, हे मी बिनलाजेचा सांगतो, अन ते मले कधी आलं हेबी मले नेमकं ठाऊक हाये. एकटा असलो का काही त्रास नाई. मागं मानूस बसलं का बेकार. परवा मामीले डोळे दाखवाले अकोल्याले जाचं होतं. मामी म्हंजे गरज नसन तर तोंड उघडनार नाई अशी बाई, इतके साल दोघाईचं बोलनं एकटा मामाच बोले. अकोट गेलं, ती चूप. पूल जवळ आला, ती चूप. मी गाडी रस्त्याच्या मधातच थांबवली. “मामी?”

“काय झालं?”

“काही नाई. तू बोलत राय.”

“काय बोलू?”

“काहीबी बोल. शिव्या दे.”

मामीनं थोडा इचार केला. शिव्या तिले येत नाईत. मंग तिनं माह्या शर्टाले धरलं अन सपाट आवाजात सुरू केलं, “बाभूळ आली. बंडी आली. त्याच्यात कापूस हाये. दुसरी बाभूळ आली. पूल आला. पानी नाई खाली. मोटर आली, तांबडी...” अकोल्यापर्यंत. दवाखान्यात उतरली तवा तिचा घसा बसला होता. मने, “हे दरवेळेस कराचं असन, तर मी यष्टीनं येत जाईन रे बाप्पा.”

काल तिले परत बोलावलं होतं डॉक्टरनं. मी सांगतलं, अंजनगावातून सकाळची यष्टी हाये. तिनं पिशवी घेतली. दाराले कडी लावली, लुगड्याचा काचा सावरला, टोपल्याईच्या मधात येऊन बसली. मी किक मारली नोहती, तवाच मागून आवाज आला. “हं. आंगन आलं. कुत्रं आलं. फाटक आलं...”